मनातले पान : पत्त्यांच्या जादूतील तीन वाटा

पत्त्यांच्या जादूत प्रेक्षकाने पान 'ओढणे' आणि पान 'मनात धरणे' हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रेक्षक कॅटमधून एक पान ओढतो, पाहतो आणि परत ठेवतो. जादूगार हातचलाखीने त्या पानाचा माग ठेवतो. दुसऱ्या प्रकारात प्रेक्षक पत्त्यांना हातही लावत नाही. तो फक्त एक पान मनात धरतो, ते कोणाला सांगत नाही की कागदावर लिहीत नाही. तरीही जादूगार ते अचूक सांगतो, किंवा ते पान भलत्याच ठिकाणी निघते.

ओढलेल्या पानाच्या खेळात पाहणाऱ्याचा संशय जादूगाराच्या बोटांवर असतो. मनातल्या पानाच्या खेळात संशयाला जागाच सापडत नाही. त्यामुळे बहुतेकांच्या मनात एकच निष्कर्ष उरतो : याने आपले मन वाचले. रंगमंचावर हा निष्कर्ष करमणुकीचा भाग असतो. तोच निष्कर्ष एखाद्या बुवाच्या दरबारात निघाला, तर त्याची किंमत भक्ताला चुकवावी लागते. म्हणून या खेळांमागचे तत्त्व जाणून घेणे केवळ कुतूहलापुरते उरत नाही.

मूळ अडचण

बावन्न पानांतून एक पान ओळखायचे म्हणजे एक निश्चित माहिती मिळवायची. 'होय' किंवा 'नाही' एवढ्याच उत्तरांनी ती मिळवायची झाल्यास सहा प्रश्न लागतात; कारण पाच प्रश्नांनी जास्तीत जास्त ३२ शक्यता वेगळ्या करता येतात, सहा प्रश्नांनी ६४. ही माहिती आपोआप मिळत नाही. तेव्हा जादूगारापुढे तीनच वाटा राहतात. प्रेक्षकाच्या मनातले पान कळेल अशी माहिती त्याच्याकडून, त्याच्या नकळत, काढून घेणे ही पहिली. कोणते पान मनात यावे हे आधीच ठरवणे ही दुसरी. पान कोणतेही असले तरी खेळ यशस्वी होईल अशी योजना करणे ही तिसरी. या प्रकारचा जवळजवळ प्रत्येक खेळ या तीन वाटांपैकी एकीने किंवा त्यांच्या मिश्रणाने चालतो.

पहिली वाट : पान मनातून बाहेर येते

या वाटेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एकवीस पानांचा खेळ. मे महिन्याच्या सुटीत आजोबा किंवा मामा यांच्याकडून तो शिकलेली माणसे घरोघर आहेत. एकवीस पाने उघडी, आडव्या ओळीत तीन-तीन अशी सात वेळा मांडली की सात-सात पानांच्या तीन उभ्या रांगा तयार होतात. प्रेक्षक एक पान मनात धरतो आणि ते कोणत्या रांगेत आहे एवढेच सांगतो. ती रांग इतर दोन रांगांच्या मध्ये ठेवून पाने गोळा करायची, न पिसता पुन्हा तशीच मांडायची आणि पुन्हा विचारायचे. तीन वेळा असे केले की मनातले पान बरोबर अकरावे निघते.

यामागचा हिशेब सोपा आहे. पहिल्या उत्तराने एकविसांतील सात पाने उरतात. ती मध्ये ठेवून पुन्हा मांडली की तीन रांगांत दोन, तीन आणि दोन अशी विभागली जातात. म्हणजे दुसऱ्या उत्तरानंतर जास्तीत जास्त तीन पाने शिल्लक राहतात. तिसऱ्या मांडणीत ही तीन पाने तीन निरनिराळ्या रांगांत, प्रत्येक वेळी चौथ्या जागी येतात. तेव्हा प्रेक्षकाने तिसऱ्यांदा रांग दाखवली की त्या रांगेतले चौथे पान हेच उत्तर असते. तीन प्रश्नांना प्रत्येकी तीन शक्य उत्तरे, म्हणजे एकूण २७ शक्यता. एकवीस पाने त्यात सहज सामावतात. संपूर्ण कॅटसाठी मात्र याच पद्धतीने चार उत्तरे लागतील.

या जातीचा खेळ फ्रेंच गणितज्ञ क्लोद-गास्पार बाशे याने १६१२ साली प्रसिद्ध केलेल्या मनोरंजक गणिताच्या ग्रंथात आढळतो. पुढे जोझेफ दिएझ जेर्गोन याने १८१३-१४ मध्ये त्याचा सर्वसाधारण नियम मांडला. सत्तावीस पाने घेऊन, दाखवलेली रांग दर वेळी वर, मध्ये किंवा खाली ठेवण्याचा क्रम नीट निवडला, तर मनातले पान १ ते २७ यांपैकी हव्या त्या जागी आणता येते. म्हणजे जागाही प्रेक्षकालाच निवडू देता येते, आणि खेळाचा प्रभाव दुणावतो.

दुसरा जुना खेळ वीस पानांच्या दहा जोड्यांचा. प्रेक्षक एक जोडी मनात धरतो. जादूगार पाने चार ओळींत, पाच-पाच अशी मांडतो आणि जोडीतील पाने कोणत्या ओळीत किंवा ओळींत आहेत एवढेच विचारतो. उत्तर मिळताच तो दोन्ही पाने उचलून देतो. मांडणीची किल्ली म्हणजे 'मूतुस देदित नोमेन कोकिस' हे चार लॅटिन शब्द. रोमन लिपीत प्रत्येक शब्दात पाच अक्षरे आहेत, आणि चारही शब्द मिळून दहा अक्षरे बरोबर दोन-दोनदा येतात. जोडीतील पाने समान अक्षरांच्या जागी ठेवायची. चार ओळींमधून 'दोन्ही एकाच ओळीत' असे चार आणि 'दोन वेगळ्या ओळींत' असे सहा, मिळून दहाच प्रकार संभवतात. प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला एकच अक्षर येते. त्यामुळे उत्तर चुकण्याचा प्रश्नच नसतो.

या दोन्ही खेळांत प्रेक्षक बोलतो, पण आपण माहिती दिली असे त्याला वाटत नाही. याहून सूक्ष्म प्रकारात तो बोलतही नाही. इंग्लंडमधील रेजिनल्ड स्कॉट याने १५८४ साली चेटूकविद्येवर एक ग्रंथ लिहिला. चेटकीण ठरवून निरपराध माणसांचा छळ होतो हे दाखवण्यासाठी त्याने त्यात हातचलाखीची रहस्येही उघड केली. त्यात मनातल्या पानाची एक युक्ती आहे : तीन पाने थोड्या अंतरावर ठेवावीत, समोरच्याला त्यांपैकी एक मनात धरायला सांगावे आणि त्याची नजर कोठे स्थिरावते हे पाहावे. चारशेहून अधिक वर्षांनंतरही ही युक्ती जुनी झालेली नाही.

आधुनिक मनोवाचक नजरेच्या जोडीला भाषेचाही उपयोग करतात. "तांबडा रंग दिसतो आहे..." असे वाक्य प्रश्नासारखे न उच्चारता, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा होकार किंवा नकार टिपायचा. होकार आला तर ते वाक्य निष्कर्ष ठरते. नकार आला तर "म्हणूनच तुम्ही तो टाळलात" अशी पुस्ती जोडता येते. हा गळ टाकून बसण्याचा प्रकार आहे. मासा लागला तेवढाच पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो.

दुसरी वाट : पान मनात घातले जाते

"कोणतेही पान मनात धरा" असे सांगितल्यावर लोक बावन्न पानांतून समान प्रमाणात निवड करत नाहीत. कॅनडातील जे ओल्सन, आलिम अमलानी आणि रोनाल्ड रेन्सिंक यांनी २०१२ साली पत्त्यांविषयीच्या आवडीनिवडींचा आणि स्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इस्पिक एक्का, बदाम राणी यांसारखी ठळक पाने लोकांच्या मनात चटकन येतात; मधल्या आकड्यांची काळी पाने क्वचितच कोणाला आठवतात. जादूगार हे अनुभवाने ओळखून होतेच.

निवडीवर प्रत्यक्ष प्रभावही टाकता येतो. ओल्सन व सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात जादूगार कॅटची पाने प्रेक्षकांपुढे झरझर उलगडत असे आणि त्यांना एक पान निवडायला सांगत असे. ९८ टक्के वेळा जादूगाराला हवे तेच पान निवडले गेले, आणि हा प्रभाव केवळ ९ टक्के लोकांच्या लक्षात आला. पुढच्या प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर एक पान इतरांपेक्षा किंचित अधिक वेळ दाखवून हाच परिणाम तपासला गेला. झरझर सरकणाऱ्या पानांत जे डोळ्यांना स्पष्ट दिसते तेच मनात ठसते, आणि माणूस त्याला 'माझी निवड' म्हणतो.

केवळ बोलण्याने आणि हावभावांनी काय साधते, हे लंडनमधील अलिस पाय्ये आणि गुस्ताव कून यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासले. प्रयोगकर्ता बोलता बोलता हातांनी चौकटीचा आकार दाखवतो, हवेत तीनचा आकडा रेखाटतो, पानावरची चिन्हे दाखवताना तीन ठिकाणी बोट नेतो. सुमारे १८ टक्के लोकांनी चौकट तिर्री मनात धरली. निव्वळ योगायोगाने हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. आपल्यावर प्रभाव पडला याची जाणीव त्यांतील बहुतेकांना नव्हती.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. दोनावरून अठरावर जाणे ही मोठी झेप आहे. तरीही शंभरातील ब्याऐंशी जण निसटतातच. एकाच माणसासमोर असा प्रयोग करणे जोखमीचे. पाचशे प्रेक्षकांच्या सभागृहात मात्र याच प्रमाणाने नव्वद हात वर जातील, आणि उरलेले चारशे दहा जण ते हात पाहून थक्क होतील.

तिसरी वाट : पान कोणतेही असो

या शतकाच्या आरंभी ई-मेलमधून फिरलेला एक खेळ अनेकांना आठवत असेल. पडद्यावर काही चित्रांची पाने दिसत : राजा, राणी, गुलाम. त्यांपैकी एक मनात धरायचे. पुढच्या पडद्यावर एक पान कमी झालेले असे, आणि नाहीसे झालेले पान नेमके आपलेच असे. खरे तर पहिल्या पडद्यावरचे एकही पान दुसऱ्या पडद्यावर नसे. त्यांच्या जागी तशीच दिसणारी दुसरी चित्रे आलेली असत. आपण एकाच पानावर लक्ष केंद्रित केलेले असल्याने बाकीची कोणती होती हे कोणालाच आठवत नसे. या कल्पनेचे मूळ हेन्री हार्डिन या अमेरिकी जादूगाराच्या १९०५ च्या खेळात सांगितले जाते.

याच वाटेवर १९३० च्या दशकात जो बर्ग आणि डाय व्हर्नन यांनी खास बनवलेले कॅट प्रचारात आणले. प्रेक्षकाने मनातले पान उच्चारले की कॅट उलगडला जातो आणि तेवढे एकच पान उलटे निघते. अशा कॅटची रचना येथे उघड करण्याचे कारण नाही. ते आजही व्यावसायिक जादूगारांच्या पोटापाण्याचे साधन आहे. तत्त्व इतकेच, की पान आधी ओळखण्याची गरज नसते. ते उच्चारले गेल्यानंतरच जादूगाराचे काम सुरू होते.

एकाच खेळाला अनेक शेवट तयार ठेवणे हाही याच वाटेचा भाग. पान एक असेल तर पाकिटातून चिठ्ठी निघते, दुसरे असेल तर ते टेबलाखाली चिकटवलेले सापडते. प्रेक्षकाला एकच शेवट दिसतो, म्हणून तो एकच होता असे वाटते. पोलंडमध्ये जन्मलेला आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीवर गाजलेला चान कनास्टा तर याच्याही पुढे गेला. त्याचे प्रयोग अधूनमधून फसत, आणि तो ते मोकळेपणाने फसू देई. फसलेला प्रयोग पाहिल्यावर यशस्वी प्रयोग अधिक खरा वाटे.

आठवणीचा हातभार

या तिन्ही वाटांना चौथी मदत प्रेक्षकाच्या आठवणीची होते. खेळ संपल्यावर घरी जाऊन माणूस सांगतो, "मी फक्त मनात पान धरले, आणि त्याने सांगितले." त्याने पाने उलगडून दाखवली होती, तीनदा रांग विचारली होती, 'पान आता मोठ्याने सांगा' असे म्हटले होते, हे सारे त्या कथनातून गळून जाते. अनुभवी जादूगार हे गाळणे गृहीत धरूनच खेळाची आखणी करतो. म्हणून ऐकीव चमत्काराची चिकित्सा करताना पहिला प्रश्न 'त्याने कसे ओळखले?' हा नसावा. 'नेमके काय काय घडले, क्रमाने सांगा' हा असावा.

खेळ आणि भोंदूगिरी

जादूगार तिकीट लावून, 'ही जादू आहे' असे सांगून खेळ करतो. भोंदू हाच खेळ दैवी सामर्थ्याचा पुरावा म्हणून दाखवतो. पत्त्याच्या जागी फुलाचे नाव, देवतेचे नाव किंवा मनातली अडचण असते एवढाच फरक. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून पैसा मिळवणे व लोकांची फसवणूक करणे हा गुन्हा ठरवला आहे. परंतु कायद्याकडे जाण्याआधी साध्या कसोट्या प्रत्येकाच्या हाती आहेत.

मन वाचण्याचा दावा करणाऱ्यासमोर पान मनाने निवडू नये; घरच्या कॅटमधून, तो समोर नसताना, चिठ्ठी काढावी तसे नशिबाने निवडावे. त्यामुळे दुसरी वाट बंद होते. त्यानंतर त्याच्या कोणत्याही प्रश्नाला किंवा विधानाला शब्दाने, नजरेने वा मानेने उत्तर देऊ नये. त्याने पाठ फिरवून बसावे. त्यामुळे पहिली वाट बंद होते. शेवटी, आपण पान उघड करण्यापूर्वी त्याने आपले उत्तर सर्वांसमक्ष, एकाच शब्दात लिहून तिसऱ्या माणसाच्या हाती द्यावे. त्यामुळे तिसरी वाट बंद होते. हे सारे दहा वेळा करावे आणि चुकलेली उत्तरेही मोजावीत. बावन्नांत एक या प्रमाणाने दहा प्रयत्नांत एखादे उत्तर जुळले, तर तो योगायोग असतो.

जादूगाराला मात्र या अटी घालू नयेत. त्याने मन वाचण्याचा दावा केलेलाच नसतो, आणि तिन्ही वाटा ठाऊक असूनही चांगला जादूगार आपल्याला चकवतो, तेव्हा त्या फसण्याचा आनंद वाढतोच. घरातील मुलांना एकवीस पानांचा खेळ दाखवावा आणि ती थक्क झाली की त्यामागचा हिशेबही समजावून सांगावा. पुढे कोणी त्यांच्या मनातले ओळखल्याचा दावा केला, तर ती आधी विचारतील : मी काय काय बोललो होतो?