धुऱ्यावरचा भुंगा अन् खोडातला भुंगा



परवा सोयाबीनवर चक्रीभुंग्यासाठी फवारणी चालू होती. पंपावरचा गडी म्हणाला, "भाऊ, धुऱ्यावरबी मारू का? तेथीबी भुंगेच हायेत." मी थांबवलं. तीन वर्षांपूर्वी मीच "मार" म्हटलं होतं. त्या साली धुऱ्यावर गाजर गवत कमरेएवढं झालं.

दोन्ही भुंगे लहानच, पण दोघांचा इतिहास वेगळा आहे.

धुऱ्यावरचा तो मेक्सिकन भुंगा. मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट रेषा. गाजर गवत आपल्याकडं पहिल्यांदा नोंदलं गेलं पुण्यात, १९५६ च्या सुमारास. परदेशी गव्हासोबत बी आलं असं मानतात. गवत आलं, पण त्याला खाणारा तिकडंच राहिला. म्हणून १९८३ मध्ये हा भुंगा मेक्सिकोतून बंगळुरूत आणला, तपासला आणि १९८४ मध्ये सोडला. पुढं तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा मोठा वाद झाला, समिती नेमावी लागली. सूर्यफूल त्याचं खरं खाद्य नाही, हे नंतर स्पष्ट झालं.

चक्रीभुंगा मात्र इथलाच. अंग पिवळसर तपकिरी, पंखांचा मागचा भाग काळा, मिशा लांब. मूग-उडदावरही तो जगतो. आपण कापूस-ज्वारी कमी करून वाशिमभर सोयाबीन पेरलं अन् त्याला सलग शिवार मिळालं. त्याला कोणी आणलं नाही, आपण त्याचं ताट वाढलं!

मुक्कामही वेगळा. मेक्सिकन भुंग्याची मादी गाजर गवताच्या पानावर अंडी घालते, अळी पानं खाते आणि मातीत कोष करते. उन्हाळ्यात भुंगा मातीतच झोपतो, पाऊस पडला की वर येतो. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर दोन काप घेते, मधे अंडी घालते. अळी आतून खोड पोखरते आणि पीक निघाल्यावरही खोडाच्या तुकड्यात पुढच्या पावसाची वाट पाहते.

म्हणजे एकाचं घर धुऱ्याच्या मातीत, दुसऱ्याचं आपल्या धसकटात. म्हणून वरचा भाग सुकलेली, काप पडलेली फांदी कापाच्या खालून तोडून नष्ट करा. धुऱ्यावर कीटकनाशक मारू नका.

बटन दाबायच्या आधी एकदा वाकून पाहा. भुंगा कोणत्या झाडावर बसलाय, त्यावरून कळतं तो कोणाचा.