गंडमाळ, खनाजीर, हॉजकिन

मानेच्या कडेने किंवा हासळीच्या खळग्यात गाठी उठल्या की त्यांना मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव होते, ते म्हणजे गंडमाळ. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथात या विकाराचे जे वर्णन आढळते त्यात बोरापासून आवळ्यापर्यंतच्या आकाराच्या गाठी काख, खांदा, मान, गळा आणि जांघ या ठिकाणी येतात व फार काळाने, सावकाश पिकतात असे म्हटले आहे. ही स्थाने आजच्या शरीररचनाशास्त्राशी ताडून पाहिली, तर ती लसिका ग्रंथींच्या, म्हणजे शरीरात शिरलेल्या जंतूंना वाटेत अडवणाऱ्या आणि एरवी डाळीच्या दाण्याएवढ्या असणाऱ्या गाठींच्या पुंजक्यांची स्थाने ठरतात. पायाला काटा लागून जखम चिघळल्यावर जांघेत जी अवधाण येते ती याच ग्रंथींची सूज होय. जुन्या ग्रंथकारांचे निरीक्षण चोख होते, परंतु त्यांच्या या एका नावाखाली किमान दोन वेगळे रोग शेजारी शेजारी नांदत होते. त्यांपैकी एक लसिका ग्रंथींचा क्षय आणि दुसरा त्याच ग्रंथींचा कर्करोग, ज्याच्या एका प्रकाराला हॉजकिनचा रोग असे नाव पडले. या दोहोंची फारकत कशी झाली आणि ती देगलूरसारख्या सीमेवरच्या गावापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली, हा वैद्यकाइतकाच भूगोलाचाही प्रश्न आहे.

लेंडी नदीकाठचे देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला तेव्हा याच तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही दोन मंडळे तोडून तेलंगणाच्या बाजूला, आंध्र प्रदेशात देण्यात आली. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी या चारही भाषा जिथल्या बाजारात कानी पडतात, तिथे एका गाठीलाही एकच नाव पुरेना यात नवल नाही. वैद्य तिला गंडमाळ म्हणत आणि कांचनाराच्या सालीपासून केलेला, शार्ङ्गधरसंहितेत सांगितलेला कांचनार गुग्गुळ देत. हैदराबादकडे युनानी शिकलेला हकीम तिलाच खनाजीर म्हणे. खनाजीर हे खिंजीर या अरबी शब्दाचे अनेकवचन असून त्याचा अर्थ डुकरे असा होतो, आणि युरोपातल्या वैद्यांनी याच विकाराला दिलेले स्क्रोफ्युला हे लॅटिन नावही डुकरीणवाचक शब्दावरून आलेले आहे. गाठींनी सुजलेली जाड मान पाहून दोन्हीकडच्या लोकांना एकाच प्राण्याची आठवण झाली असावी. रोग्याच्या दृष्टीने मात्र नाव कोणतेही असले तरी उपाय ठरलेले होते: लेप, काढा, आणि काहीच चालेना तेव्हा तापल्या लोखंडाचा डाग.

क्षयाची गाठ आणि हॉजकिनची गाठ यांत हाताला लागणारा फरक आहे, पण तो नेहमी भरवशाचा नसतो. क्षयाच्या गाठी बहुधा एकमेकींना चिकटतात, पुढे मऊ पडून फुटतात आणि तिथे महिनोन्‌महिने वाहणारे नासूर होते. हॉजकिनच्या गाठी रबरासारख्या लवचिक, सुट्या आणि बहुधा न दुखणाऱ्या असतात. घोटाळा होतो तो बाकीच्या लक्षणांमुळे. संध्याकाळचा ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम आणि अंगावरचे मांस झडणे ही दोन्ही रोगांची सामाईक लक्षणे आहेत, आणि ज्या प्रदेशात क्षय घरोघर माहीत आहे तिथे या तिन्हींचा अर्थ आधी क्षय असाच लावला जातो. तो बहुतेक वेळा बरोबरही असतो, आणि म्हणूनच उरलेल्या थोड्या रोग्यांच्या बाबतीत चूक लवकर लक्षात येत नाही.

ज्याच्या नावाने हा रोग ओळखला जातो तो टॉमस हॉजकिन (१७९८–१८६६) लंडनच्या गाइज रुग्णालयात शवविच्छेदन करणारा आणि तिथल्या संग्रहालयाची देखभाल पाहणारा क्वेकर पंथीय वैद्य होता. जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे वाचल्या गेलेल्या निबंधात त्याने सात रोग्यांची हकीकत मांडली, ज्यांच्या लसिका ग्रंथी आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, जंतुसंसर्गाचे किंवा दाहाचे कारण नसताना वाढल्या होत्या. त्याने हे सारे नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरवले होते; निबंधात सूक्ष्मदर्शकाचा आधार नव्हता. सभेने निबंध ऐकला, छापला आणि ती गोष्ट तिथेच राहिली. हॉजकिनचे पुढचे आयुष्यही सरळ गेले नाही. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी हडसन बे कंपनी कशी वागते यावर त्याने उघडपणे टीका केली, रुग्णालयाच्या, कंपनीशी संबंध असलेल्या खजिनदाराचा रोष ओढवून घेतला आणि १८३७ मध्ये त्याला हवी असलेली वैद्याची जागा गेली ती कायमचीच. १८५६ मध्ये त्याच रुग्णालयातल्या सॅम्युएल विल्क्सने असेच रोगी स्वतंत्रपणे वर्णिले, मग आपल्या आधी हे कोणी लिहिले आहे हे कळल्यावर १८६५ मध्ये त्याने रोगाला हॉजकिनचे नाव दिले. पुढच्याच वर्षी हॉजकिन जाफा बंदरात हगवणीने वारला.

नाव मिळाले तरी क्षयाचा पिच्छा सुटला नाही. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यावर तर प्रत्येक सुजलेल्या ग्रंथीत तो शोधण्याची जणू साथच आली. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गने या गाठींत मोठ्या, अनेक केंद्रके असलेल्या विचित्र पेशी बारकाईने वर्णिल्या, पण त्याच्या बऱ्याच रोग्यांना क्षयही असल्याने हा क्षयाचाच एक आगळा प्रकार असावा असा निष्कर्ष त्याने काढला. १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डोरोथी रीड या तरुण महिला डॉक्टरने त्याच पेशी पुन्हा तपासल्या, रोग्यांवरची ट्युबरक्युलिन चाचणी आणि प्राण्यांवरचे प्रयोग यांचा पुरावा जोडला आणि हा क्षय नव्हे असे स्पष्ट लिहिले. त्या पेशीला आज रीड–स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. तिच्यातली दोन मोठी केंद्रके आणि प्रत्येकातला ठळक ठिपका पाहून विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगाने ऊतींत होणारे बदल तपासणाऱ्या शास्त्राचे, विद्यार्थी तिला घुबडाचे डोळे म्हणून लक्षात ठेवतात. गाठीच्या एकूण वस्तुमानात या पेशी मात्र अत्यल्प, बहुधा शेकड्यात एखाद-दुसरी, आणि बाकी सारी गर्दी त्यांच्याभोवती जमलेल्या साध्या पेशींची असते. यामुळेच बारीक सुईने ओढलेल्या थेंबात त्या हाती न लागण्याचा संभव राहतो आणि निदानासाठी शक्यतो अख्खी गाठ काढून पाठवावी असा आग्रह धरला जातो. या पेशी मुळात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी लसिका पेशींपासून उपजतात हे सिद्ध होण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रात हा भेद करणारी नजर घडली ती मुंबईत. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्यांच्या पतीच्या नावाच्या सर दोराबजी टाटा न्यासाच्या देणगीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे आली, जे लंडनला विकृतिशास्त्र शिकून आले होते आणि ज्यांना भारतातल्या या शास्त्राचे जनक मानले जाते. १९५२ मध्ये त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. त्याच केंद्रात पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरहून, म्हणजे रीड यांच्याच जॉन्स हॉपकिन्समधून, शिकून आल्यावर पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. खानोलकरांचे स्वतःचे गाजलेले काम तोंडाच्या कर्करोगावरचे असले, तरी गाठीचा तुकडा मेणात बसवून, केसाहूनही पातळ कापून, रंगवून पाहण्याची शिस्त या मंडळींनी लावली आणि तिच्याशिवाय हॉजकिन हे निदान उच्चारताच येत नाही. देगलूरच्या रोग्याला मात्र मुंबई सहाशे किलोमीटरांहून दूर होती. त्यापेक्षा हैदराबाद जवळ, साधारण दोनशे किलोमीटरांवर. तिथे १९५५ मध्ये रेडियम संस्था व कर्करोग रुग्णालय सुरू झाले, जे पुढे मेहदी नवाज जंग यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. राज्याची सीमा बदलली तरी दुखणेकऱ्याचे पाय जुन्या राजधानीकडेच वळत राहिले, आणि ते आजही पुष्कळ अंशी तसेच आहे.

उपचारांचा इतिहास निदानाच्या मानाने वेगाने घडला. क्ष-किरणांनी, ज्यांना रोगी साध्या भाषेत शेक म्हणतात, गाठी विरघळतात हे १९०२ मध्येच दिसले होते, पण त्या परत येत. १९५० मध्ये टोरांटोच्या व्हेरा पीटर्स यांनी मर्यादित पसरलेला रोग शेकाने कायमचा बरा होतो असे आकडेवारीने दाखवले आणि प्रारंभी त्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. पसरलेल्या रोगावर मात्र औषधेच हवी होती. त्यांतले एक देगलूरच्या कोणत्याही अंगणात, तुळशीवृंदावनाशेजारी बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीतून आले. मूळची मादागास्करची ही वनस्पती वेस्ट इंडीजमध्ये मधुमेहावर घेत असत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांनी जमैकाहून आलेल्या पानांचा अर्क त्यासाठीच तपासला, साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्या धाग्यावरून १९५८ मध्ये विनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे झाले. अमेरिकेत व्हिन्सेंट डेव्हिटा व सहकाऱ्यांनी १९६४ पासून चार औषधे एकत्र देण्याची मॉप पद्धत वापरली, आणि १९७५ मध्ये मिलानच्या जियान्नी बोनाडोना यांनी एबीव्हीडी हा चौकडीचा दुसरा डाव मांडला, ज्यातला व्ही म्हणजे हेच विनब्लास्टिन. असाध्य मानलेला रोग एका पिढीत बऱ्या होणाऱ्या कर्करोगांच्या पंक्तीत बसला.

यापुढचा एक महत्त्वाचा प्रश्न मुंबईत तपासला गेला. औषधांनी रोग पूर्ण दिसेनासा झाल्यावर वर शेक द्यावा की नाही, याविषयी पाश्चात्त्य देशांत मतभेद होते, कारण शेकाने पुढे दुसरा कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे भय असते. टाटा मेमोरियलमध्ये १९९३ ते १९९६ या काळात एबीव्हीडीची सहा आवर्तने घेऊन रोगमुक्त झालेल्या १७९ रोग्यांची चिठ्ठीने दोन गटांत विभागणी झाली, आणि २००४ मध्ये सिद्धार्थ लस्कर व सहकाऱ्यांनी जो निष्कर्ष छापला त्यात आठ वर्षांनंतर शेक घेतलेल्यांपैकी ८८ टक्के आणि न घेतलेल्यांपैकी ७६ टक्के रोगी रोग न उलटता राहिल्याचे दिसले. या अभ्यासाला वजन येते ते रोग्यांमुळे. युरोप-अमेरिकेत हॉजकिन विशीतल्या तरुणांत आणि पुन्हा उतारवयात अधिक आढळतो. भारतात त्याचा मोठा वाटा लहान मुलांत, विशेषतः मुलग्यांत दिसतो आणि त्यांच्या गाठींत एप्स्टाइन–बार या विषाणूच्या खुणा फार मोठ्या प्रमाणात सापडतात. परक्या देशातल्या रोग्यांवर ठरलेले नियम इथे जसेच्या तसे उचलावेत की नाही, हा संशय त्यामुळे रास्त ठरतो.

खेड्यात किती जणांना हा रोग होतो हे मोजायलाही फार उशीर झाला. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागासाठी देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि तिने शेजारच्या मराठवाड्यातले भूम व परांडा हे तालुकेही घेतले. रुग्णालयात कोणी येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन माणसे शोधायची, ही तिची रीत होती. पैशाची अडचण निराळी. २ जुलै २०१२ रोजी राज्याने जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत लागू केली त्यांत नांदेड होता, आणि तिच्या यादीत कर्करोगाचे औषधोपचार व शेक दोन्ही आले.

हॉजकिनने गाइजच्या संग्रहालयात बरण्यांत ठेवलेल्या ऊती १९२६ मध्ये हर्बर्ट फॉक्सने बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा जवळजवळ शंभर वर्षांनी त्यांत खरोखरच हॉजकिनच्या रोगाची चित्रे ओळखता आली, जरी सगळ्याच नमुन्यांत नव्हे. तीच रीत लहान प्रमाणावर आजही चालते. नांदेडला किंवा हैदराबादला काढलेल्या गाठीचे मेणाचे ठोकळे आणि रंगवलेल्या काचा रोग्याच्या नातेवाइकाच्या हाती दिल्या जातात, परळला त्या पुन्हा तपासल्या जातात, आणि देगलूरहून निघालेल्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी, कागदात गुंडाळलेली त्या ठोकळ्यांची नि काचांची डबी असते.