ग्रहलाघवाचे क्षेपक आणि सीमेकची चले

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. नागपूरहून काशीला यात्रेकरूंप्रमाणे गणितही गेले. नागपुरात शिकलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले आणि त्यांनी इंग्रजी नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे नवे पंचांग काढले. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांचाही प्रयत्न याच दिशेचा होता.

जुन्या पंचांगांचे काय बिनसले होते? ती बहुधा ग्रहलाघवावर चालत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या या १५२० मधील ग्रंथात दोन तऱ्हेचे आकडे येतात. ग्रहांचे आरंभस्थान सांगणारे क्षेपक आणि चक्रागणिक लागणारे ध्रुवक ग्रंथातच बांधलेले आहेत. लोटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, पंचांगकर्त्याने दर वेळी घालायचे. (४०१६ दिवसांचे चक्र योजून गणेशांनी आकडे लहान ठेवले, ही युक्ती आजही मोह पाडते.) बांधलेल्या आकड्यांतील सूक्ष्म चूक मात्र साडेतीनशे वर्षे साचत गेली आणि गणितातला ग्रह आकाशातल्या ग्रहापासून ढळला.

कोणती किंमत केव्हा बांधायची, हा प्रश्न संगणकप्रणाली बांधतानाही येतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेला ‘मेक’ नियम वाचून स्वतःच काम उरकी. इनसाइट टूलकिट या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रकल्पासाठी किटवेअरने घडवलेला ‘सीमेक’ केवळ नियम लिहून देतो, बांधणी दुसरा करतो. त्यामुळे काळ दोन झाले. चलाच्या जागी किंमत कॉन्फिगरच्या वेळी बसते. कस्टम टार्गेटची आज्ञा नंतर, बिल्डच्या वेळी चालते. त्या आज्ञेने दुसरी सीमेक स्क्रिप्ट चालवली, तर तिला मूळ प्रकल्पाची चले दिसतच नाहीत. प्रत्येक किंमत ‘डी’ पर्यायाने हाती द्यावी लागते, तीही स्क्रिप्टचे नाव सांगणाऱ्या ‘पी’च्या आधी.

सर्नशी निगडित जिआंट४ हे कणभौतिकीचे सॉफ्टवेअर सीमेकनेच बांधतात. समजा, सिम्युलेशनच्या निकालावर कोडच्या गिट आवृत्तीची खूण छापायची आहे. ती कॉन्फिगरच्या वेळी वाचली, तर कोड दहादा बदलूनही जुनीच खूण छापली जाऊ शकते आणि संगणक चकार शब्द काढत नाही. वर्षभराने परीक्षकाने आलेख पुन्हा काढून मागितला, तर तो नेमका कोणत्या कोडचा, हे सांगता येत नाही. म्हणून खूण वाचण्याचे काम टार्गेटच्या आज्ञेतच ठेवावे आणि ‘डी’ने फक्त सोर्सच्या फोल्डरचा पत्ता द्यावा, तो सहसा बदलत नाही.