धुळीआडचा आदिप्रकाश

आमच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोड्यांचे ठोके सुरू असले, की बोलताना आवाज चढवावा लागतो. तरी तिथली माणसं एकमेकांचं नीट ऐकतात, कारण ठोका त्यांच्या कानांना पाठ असतो. पण गोंगाट कसा आहे हेच ठाऊक नसेल तर? इथून पाच-सहा किलोमीटरवर, गणेशखिंडीतल्या ‘आयुका’त, वीस वर्षांपूर्वी काही शास्त्रज्ञांपुढे असाच प्रश्न होता. त्यांना ऐकायचं होतं ते मात्र आकाशातलं.

विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना त्यातला प्रकाश मोकळा झाला. तो आजही सगळ्या दिशांनी येतो. पण विश्वाच्या प्रसरणाने थंडावून आता त्याच्या मायक्रोवेव्ह लहरी झाल्या आहेत. मोकळा होताना तो इलेक्ट्रॉनांवर विखुरला आणि त्याच्या लहरींची कंपनं किंचित एका दिशेला झुकली. याला म्हणतात ध्रुवीकरण. (हा शब्द एरवी आपण निवडणुकीच्या बातम्यांत ऐकतो. इथे तो निरुपद्रवी आहे.) हा संकेत केल्व्हिनच्या काही दशलक्षांशांएवढा क्षीण. दक्षिण ध्रुवावरच्या ‘डासी’ दुर्बिणीला तो २००२ साली प्रथम मिळाला.

अडथळा आपल्याच आकाशगंगेचा. तिच्यातली धूळ आणि चुंबकीय क्षेत्रात भिरभिरणारे इलेक्ट्रॉनही अशाच झुकलेल्या लहरी सोडतात. नासाच्या ‘डब्ल्यूमॅप’ यानाने पाच कंप्रतांवर आकाशाचे नकाशे काढले होते. ते साफ करायला नासाच्या चमूने धुळीचे वेगळे नकाशे आधाराला घेतले. राजीब साहा, पंकज जैन आणि तरुण सौरदीप यांनी २००६ साली दुसरी वाट धरली. धुळीबद्दल आधी काही गृहीतच धरायचं नाही. आदिप्रकाशाचं तापमान प्रत्येक कंप्रतेला तेच दिसतं, धुळीचं बदलतं. मग नकाशांना अशी वजनं द्यायची, की त्यांची बेरीज एक राहील आणि मिश्रणातला चढउतार कमीत कमी होईल. धूळ आपोआप कटते, आदिप्रकाश उरतो. शिवाय वेगवेगळ्या ग्राहकांचे नकाशे एकमेकांशी ताडले, की उपकरणांची खरखरही गळते. ती दोघांत सारखी नसते ना!

२०१० साली प्रमोद कुमार सामल आणि पॅरिसच्या सहकाऱ्यांसह त्यांनी हीच रीत ध्रुवीकरणाला लावली. उत्तर नासाच्या उत्तराशी चांगलं जुळलं. या गाळणीतून थोडा खरा संकेतही वाहून जातो, हे त्यांनीच दाखवून दिलं होतं. ती तूट भरून काढल्यावर तापमानाच्या सर्वांत विस्तीर्ण चढउताराचा आकडा नासाच्या सुमारे अडीचपट आला.

‘आयुका’ उभी करणारे जयंत नारळीकर महास्फोट मानत नसत. हा प्रकाश म्हणजे लोहाच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा फेकलेलं ताऱ्यांचं तेज, असं ते शेवटपर्यंत, २०२५ पर्यंत, मांडत राहिले. त्यांच्याच संस्थेत तो विश्वारंभाचा म्हणून मोजला जात होता. मला या गोष्टीचं आकड्यांहून अधिक अप्रूप आहे.

धुळीला हलकं लेखलं की काय होतं, ते मार्च २०१४ मध्ये दिसलं. दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप २’च्या चमूने ध्रुवीकरणात आदिम गुरुत्वलहरींची खूण सापडल्याचं जाहीर केलं. जगभर पेढे वाटायचेच बाकी होते. पण त्यांच्याकडे नोंदी होत्या एकाच कंप्रतेच्या, १५० गिगाहर्ट्‌झच्या. ‘प्लँक’ उपग्रहाच्या ३५३ गिगाहर्ट्‌झच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि २०१५ च्या सुरुवातीला कळलं, की दिसलेल्यातलं बरंचसं आकाशगंगेच्या धुळीचं होतं. ती खूण अजून कुणालाच सापडलेली नाही.