शिक्षकांच्या घराण्याची आठवण : शिक्षणविषयक स्मृती व्याख्यानमाला कशासाठी आणि कशी?

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात एखाद्या शिक्षक कुटुंबाच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला सुरू करायची असे तरुणांनी ठरवले, तर पहिला प्रश्न वक्ता कोण आणायचा हा नसतो. आठवण नेमकी कशाची जागवायची, हा असतो. घराण्याच्या मोठेपणाची, की त्या घराण्याने हाती घेतलेल्या आणि अजून अर्धवट राहिलेल्या कामाची? या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्ही येथे महाराष्ट्रातील अशा घराण्यांची आणि व्याख्यानांच्या परंपरेची माहिती देत आहोत.

व्याख्यानमालेची परंपरा

महाराष्ट्रात व्याख्यानमाला ही लोकशिक्षणाची जुनी रीत आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. पुढे शहरोशहरी आणि तालुक्याच्या गावी अशा माला उभ्या राहिल्या. स्मृती व्याख्यानमाला हा त्यातलाच प्रकार. एखाद्या व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या नावाने दरवर्षी ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या विषयावर व्याख्यान होते. अशी माला टिकते ती तीन गोष्टींवर : विषयाचे सातत्य, वक्त्याचे स्वातंत्र्य आणि व्याख्यानाची छापील नोंद.

फुले यांचे घर : पहिले शिक्षक घराणे

शिक्षकांचे घराणे म्हटले की आपल्यासमोर सर्वप्रथम फुले यांचे घर येते. जोतीराव (१८२७–१८९०) आणि सावित्रीबाई (१८३१–१८९७) यांनी १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले आणि पुढे त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षणही घेतले. घर सोडण्याची वेळ आली तेव्हा उस्मान शेख यांनी या दांपत्याला आसरा दिला. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या बरोबरीने शिकवू लागल्या. जोतीरावांना लहानपणी सांभाळणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर यांचाही या कामाला हातभार होता. म्हणजे हे घराणे रक्ताचे नव्हते, कामाचे होते. त्यात जात आणि धर्म आडवे आले नाहीत.

या घराने महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या समाजाच्या दुःखाबद्दल तिने त्यात थेट प्रश्न विचारले. आमच्या मते त्या शाळेचे खरे प्रगतिपुस्तक हेच. १८७४ साली दत्तक घेतलेला यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी सरकारला हिशेब विचारला. महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का? किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षक कष्टकरी समाजातून नेमा, अशी त्यांची मागणी होती. सहा ते चौदा वयोगटासाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात झाला तो २००९ साली, म्हणजे त्या निवेदनानंतर १२७ वर्षांनी.

नाईक दांपत्य

दुसरे उदाहरण जे. पी. नाईक (१९०७–१९८१) आणि चित्रा नाईक (१९१८–२०१०) यांचे. १९४८ साली स्थापन झालेली आणि पुढे मुंबईहून पुण्यात आलेली भारतीय शिक्षण संस्था या दोघांच्या नावाशी जोडलेली आहे. जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा, हे उद्दिष्ट त्या आयोगाने मांडले. चित्राताईंनी शाळेबाहेर राहिलेल्या, दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचे काम केले आणि पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या.

बाबासाहेबांनी घालून दिलेला पायंडा

स्मृती व्याख्यान कसे असावे, हे बाबासाहेबांकडून शिकावे. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात त्यांनी संघराज्याच्या योजनेची परखड चिकित्सा केली. १८ जानेवारी १९४३ रोजी रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त ते पुण्यातच बोलले. त्या व्याख्यानात रानड्यांचे मोठेपण त्यांनी मान्य केले, पण विभूतिपूजेवर कठोर टीकाही केली. ही दोन्ही व्याख्याने छापली गेली, म्हणून ती आज आपल्या हाती आहेत. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण होऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले. सभा रद्द झाली, विचार मात्र रद्द झाला नाही.

तथागतांनी कालामांना जे सांगितले त्याचे सारही हेच आहे. परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. ज्या व्याख्यानानंतर श्रोत्याला प्रश्न विचारता येत नाही, ते धम्माच्या वाटेवरचे नाही.

नंदुरबारपुढचा प्रश्न

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. राज्याची सरासरी तेव्हा सुमारे ८२ टक्के होती. दिवाळीनंतर येथील अनेक आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबे ऊसतोडीला व इतर मजुरीला गुजरातेत आणि अन्यत्र जातात. लेकरेही सोबत जातात.

यातून एक अवघड गोष्ट समोर येते. ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईंना अभिवादन करतो, त्या दिवशी ज्या मुलांसाठी हे सगळे चालले आहे त्यांतली कितीतरी उसाच्या फडात असतात. सभामंडप भरलेला आणि शाळेचा बाक रिकामा, अशी ही स्थिती आहे.

गावात माला सुरू करताना

म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना काही गोष्टी सुचवतो.

तारीख : फक्त जयंतीला बांधून राहू नका. एक व्याख्यान दिवाळीपूर्वी, कुटुंबे गावात असताना ठेवा. कोणती मुले जाणार, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी कोण करणार, हे त्याच सभेत ठरवा. दुसरे व्याख्यान ७ नोव्हेंबरला घेता येईल. १९०० साली याच दिवशी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

भाषा : मुख्य भाषण मराठीत असले तरी सारांश भिलीत, अहिराणीत सांगणारा माणूस सोबत ठेवा. मागच्या रांगेतल्या आजीला कळले नाही तर व्याख्यान झालेच नाही, असे समजा.

वक्ता : मोठ्या नावाच्या मागे लागू नका. एका वर्षी प्राध्यापक, तर पुढच्या वर्षी जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, त्यानंतर शिकून परत आलेली मुलगी. ज्या कुटुंबाच्या नावाने माला आहे, त्याने वक्त्याच्या निवडीत किंवा मांडणीत हात घालू नये.

हिशेब आणि नोंद : दरवर्षी व्याख्यानाच्या सुरुवातीला दोन आकडे वाचा. गावातील किती मुले शाळेत आहेत आणि किती मध्येच सुटली. शेवटी जमाखर्च वाचा. व्याख्यान आठ-दहा पानांच्या पुस्तिकेत छापून विहारात, शाळेत आणि वाचनालयात ठेवा.

आपल्या वस्त्यांमध्ये पहिल्या पिढीचे मास्तर आणि बाई होऊन गेले. कंदिलाखाली शिकून त्यांनी दुसऱ्यांची लेकरे शिकवली. त्यांच्या नावाने माला जरूर काढा. पण फोटोला हार घालून झाला की हजेरीपटही उघडा. त्यात एक नाव परत आले, तर त्या घराण्याची स्मृती खऱ्या अर्थाने जपली गेली, असे आम्ही मानतो.

जयभीम! नमो बुद्धाय!