जमीन आपली, हिशेबही आपला

साल 1963. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडच्या किनाऱ्यावरच्या यिरकाला गावात तुम्ही सावलीला बसला आहात. समोर स्ट्रिंगीबार्क झाडाची साल सपाट करून ठेवली आहे. माणसाच्या केसांचा लांब, बारीक कुंचला मातीच्या रंगात बुडतो आणि सालीच्या कडेनं रेघेशेजारी रेघ उमटत जाते. लाल माती, पिवळी माती, पांढरी माती आणि कोळसा, रंग एवढेच. मधोमध टाइप केलेला कागद आहे, इथल्या मूळनिवासी योल्न्गूंच्या भाषेत आणि इंग्रजीतही.

कडेची चित्रं केवळ शोभेची समजू नका. कोणतं कुळ कोणत्या जमिनीचं, हे ती सांगतात. या लोकांचा सातबारा तो हाच. सरकारनं राखीव क्षेत्रातली 300 चौरस किलोमीटरहून अधिक जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढली, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना साधं विचारलंही नाही. म्हणून हा अर्ज कॅनबेराच्या संसदेकडे निघाला आहे. ऑगस्टमध्ये तो तिथे मांडला जाईल, चौकशी समितीही नेमली जाईल. खाण मात्र थांबणार नाही.

आता आठ वर्षं पुढे या. एप्रिल 1971. योल्न्गूंनी नबाल्को ही खाण कंपनी आणि केंद्र सरकार यांच्याविरुद्ध लढवलेल्या खटल्याचा निकाल तुम्ही ऐकता आहात. सुनावणीत वडीलधाऱ्यांच्या साक्षी झाल्या. गुमाच कुळाचा तरुण गलार्वुय युनुपिंगू दुभाषा म्हणून उभा राहिला. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न मान्य करतात की या लोकांचा स्वतःचा कायदा आहे, सूक्ष्म आणि सुव्यवस्थित. पण इंग्रजी कायद्याच्या मोजपट्टीत त्यातून मालकी सिद्ध होत नाही, असं सांगून ते दावा फेटाळतात. नुलुनबॉय हे खाणीचं गाव उभं राहतं. खाणीपासून शुद्धीकरण कारखान्यापर्यंत सुमारे 19 किलोमीटरचा वाहक पट्टा वाटाण्याएवढे तांबूस खडे वाहून नेऊ लागतो. तुमच्या डोळ्यांदेखत डोंगराचा माथा जहाजात भरला जातो.

पराभवाच्या त्या निकालानं देशाला अस्वस्थ केलं. मूळनिवासींच्या जमीनहक्कांवर वुडवर्ड आयोग बसला आणि 1976 मध्ये आर्नहेम लँड ज्यात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीन हक्क कायदा झाला. आर्नहेम लँड मूळनिवासींच्या मालकीचं झालं, खाणीचा जुना भाडेपट्टा तेवढा कायम राहिला. पैशाची वाटणीही कायद्यानंच घालून दिली. मूळनिवासींच्या जमिनीवरच्या खाणींतून सरकारला जेवढी रॉयल्टी मिळेल, तेवढीच रक्कम एका वेगळ्या खात्यात जमा होणार. मूळ सूत्रानुसार त्यातले 40 टक्के मूळनिवासींच्या भूमी परिषदांच्या कामकाजाला, 30 टक्के खाणीची झळ बसलेल्या समुदायांच्या संस्थांना आणि उरलेले 30 टक्के टेरिटरीतल्या बाकी मूळनिवासींच्या हितासाठी.

इथे जरा रेंगाळा, कारण खरी कसोटी इथून सुरू होते. पैसा येतो, पण तो ठेवायचा कोणी? रोख वाटला तर घराघरात विरतो. साठवला तर निर्णय कोणाचा? एकाच जमिनीशी दोन कुळांचं नातं असेल तर हिस्से कसे पाडायचे? गुमाच आणि रिराचिंगू या शेजारी कुळांमधला वाटणीचा वाद पुढे न्यायालयात गेला, यात नवल नाही. शेकडो वर्षं नातेसंबंधांवर चाललेल्या समाजाला अचानक ताळेबंद, संचालक मंडळ आणि लेखापरीक्षण यांच्या भाषेत स्वतःचा कारभार मांडावा लागला. हे काम सोपं असल्याचा आव कोणी आणू नये.

जून 2011. तुम्ही पुन्हा यिरकालात आहात. खाणीचा 42 वर्षांचा भाडेपट्टा संपला आहे. या वेळी कंपनीला, म्हणजे आता रिओ टिंटोला, जमिनीच्या मालकांशी बोलणी करावी लागली. करारासाठी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड इथे आल्या आहेत. 1963 साली ज्यांना विचारलं गेलं नव्हतं, त्यांच्या वारसांची सही आता अटळ आहे. गुमाच कॉर्पोरेशन ही कुळाची स्वतःची संस्था त्या बळावर स्वतःचे उद्योग उभारण्याचा डाव मांडते.

तो डाव किती शहाणपणाचा होता, हे तीनच वर्षांत कळतं. 2014 मध्ये नुलुनबॉयचा शुद्धीकरण कारखाना थंडावतो, हजाराहून अधिक नोकऱ्या जातात. बिऱ्हाडं ट्रकवर चढतात, दुकानं ओस पडतात. तुम्ही त्या रस्त्यावरून चाला आणि लक्षात घ्या, बाहेरून आलेले लोक परत जाऊ शकतात. योल्न्गूंना जायला दुसरं गाव नाही. म्हणून त्यांचं अर्थकारण एका कंपनीच्या ताळेबंदावर टांगून ठेवणं परवडणारं नाही.

आता गुमाचच्या लाकडाच्या गिरणीत डोकावा. खाणीसाठी जंगल साफ करताना उत्तम स्ट्रिंगीबार्क तोडून जाळून टाकलं जायचं. ज्या झाडाच्या सालीवर अर्ज रंगला, तेच हे झाड. गुमाच कॉर्पोरेशननं ते लाकूड कापायला आणि त्यातून बांधकाम करायला घेतलं. मग 2017 मध्ये गुल्कुलाजवळ त्यांची स्वतःची बॉक्साइट खाण सुरू झाली, जोडीला प्रशिक्षण केंद्रही. खाणकाम एकेकाळी लादलं गेलं होतं, ही खाण मात्र कुळाच्याच मालकीची. कुठे खणायचं आणि कोणाला कामावर घ्यायचं, हे कुळ ठरवतं.

जून 2022च्या एका रात्री याच जमिनीवरून नासाचं रॉकेट झेपावताना पाहा. अमेरिकेबाहेरच्या व्यावसायिक तळावरून नासाचं हे पहिलं उड्डाण. लागोपाठ आणखी दोन होतात. पण आनंदाच्या भरात पुढचं पान चुकवू नका. तळ चालवणारी कंपनी 2024 अखेरीस भाडेपट्ट्याला झालेल्या विलंबाचं कारण देऊन क्वीन्सलँडकडे वळते. मूळनिवासींच्या उद्योगांतही असे फटके बसतात. त्यावरून त्यांना कारभार जमत नाही असा निष्कर्ष काढणारे बाकीच्या कंपन्यांच्या बुडीत प्रकल्पांना तीच फूटपट्टी लावत नाहीत.

शेवटचा मुक्काम, 12 मार्च 2025, कॅनबेराचं उच्च न्यायालय, त्या देशातलं सर्वोच्च. दुभाषा म्हणून उभा राहिलेल्या त्याच युनुपिंगूंनी 2019 मध्ये नुकसानभरपाईचा दावा लावला होता. एप्रिल 2023 मध्ये ते गेले. निकाल त्यांच्या बाजूनं लागतो. केंद्र सरकारनं टेरिटरीत मूळनिवासींचे जमीनहक्क संपवले असतील तर त्याचा न्याय्य मोबदला देणं राज्यघटनेनं बंधनकारक आहे, आणि हे 1911 पासूनच्या कृतींनाही लागू होतं. रक्कम पुढे ठरायची आहे.

ती रक्कम येईल तेव्हा नुलुनबॉयची जुनी खाण संपत आलेली असेल. पैसा आणि खाण यांची गाठ तिथे सुटेल, आणि उरेल तो कारभार. जमिनीचा हक्क संसद देऊ शकते, न्यायालय देऊ शकतं. त्या हक्काचं रोजगारात, शाळेत, घरात रूपांतर करायला मात्र गावातल्याच माणसांची संस्था लागते. तिचे हिशेब सर्वांपुढे खुले असावेत, तिला चुका करायला आणि सुधारायला वेळ मिळावा. भरपाईचा धनादेश देऊन सरकार मोकळं झालं, असं जेव्हा कोणी म्हणेल, तेव्हा तुम्ही त्याला विचारा: ती संस्था उभी राहावी म्हणून तुम्ही काय केलंत?