लैंगिक गुन्हेगार आणि व्यक्तिमत्त्व विकार

मेहकर : लैंगिक अत्याचाराची बातमी आली की ‘आरोपी वेडाच असला पाहिजे’ असा शेरा मारला जातो. मानसोपचारशास्त्र मात्र येथे एक भेद करते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात रुग्णाचे वास्तवाचे भान सुटू शकते. व्यक्तिमत्त्व विकारात ते सहसा शाबूत असते. बिघडलेली असते ती स्वतःकडे व इतरांकडे पाहण्याची वर्षानुवर्षे मुरलेली रीत. समाजविघातक विकारात दुसऱ्याच्या वेदनेची पर्वा नसते, तर सीमावर्ती विकारात भावनांवरील ताबा वारंवार सुटतो. अर्थात, असे विकार असणारे बहुसंख्य लोक लैंगिक गुन्हे करीत नाहीत आणि प्रत्येक गुन्हेगारात विकार आढळतोच असेही नाही.

हा भेद न्यायालयातही महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात १९९९मध्ये दोन अल्पवयीन मुलींवर बलात्कार करून त्यांची हत्या करणाऱ्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये रद्द केली व त्याला मरेपर्यंत कारावास दिला. शिक्षेनंतर जडलेला तीव्र मानसिक आजार हे त्यामागील कारण होते. शिक्षेचे स्वरूप व हेतूच कळू नये इतका आजार गंभीर हवा, ही त्यातील कसोटी. केवळ व्यक्तिमत्त्व विकार असलेला कैदी तिला सहसा उतरणार नाही, आणि ते योग्यच आहे.

परंतु असे अनेक कैदी शिक्षा भोगून एक दिवस बाहेर येतात. उपचारांचा प्रश्न तेथे उभा राहतो. व्यक्तिमत्त्व विकार बरा करणारे औषध नाही. कामवासना कमी करणारी औषधे वृत्ती बदलत नाहीत. वर्मा समितीनेही २०१३मध्ये रासायनिक खच्चीकरणाची सूचना स्वीकारली नव्हती. सरसकट समुपदेशनाचाही भरवसा नाही. इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांत वर्षानुवर्षे चाललेला गटोपचार २०१७मध्ये बंद झाला. तो घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी, तर न घेतलेल्या तुलनीय कैद्यांपैकी ८ टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे आढळले होते. म्हणूनच आधी धोका व विकार तपासून, मग प्रत्येकाला झेपेल असा दीर्घ उपचार द्यावा, हा विचार आता मान्य होत आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम १०३नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मानसोपचार केंद्र असणे बंधनकारक आहे. राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी विदर्भात एकच, नागपूरला. मेहकरहून ते सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे.